दिगंबरच्या मशीनवरचा आळ

सेलूला माझा दवाखाना आहे. पाटीवर ‘त्वचारोग व केसांचे विकार’ असं दोन्ही लिहिलंय, पण लोकांनी त्यातली त्वचा केव्हाच वगळून टाकली. मी ‘केसाचा डॉक्टर’. स्टँडवर उतरून रिक्षावाल्याला एवढं सांगितलं तरी तो बरोबर दारात आणून सोडतो. ह्याचं श्रेय माझ्या पदवीला नाही, माझ्या केसांना आहे. साठी उलटेपर्यंत माझ्या डोक्यावर असं दाट रान होतं, की कंगवा अर्ध्यात अडकायचा. रोगी माझं बोलणं ऐकायच्या आधी माझ्या डोक्याकडं बघायचा आणि मनाशी ठरवायचा, ह्याला कायतरी माहीत असणार. माझा एक मित्र ह्याच धंद्यात आहे. त्याचं निदान माझ्यापेक्षा पक्कं. पण त्याला पूर्ण टक्कल, त्यामुळं त्याच्याकडं लोक पायाच्या भेगा घेऊन जातात आणि डोकं माझ्याकडं आणतात. मला ह्याचा जरा गर्व होता, हे कबूल करतो. खिशात छोटा कंगवा असायचा आणि दोन रोग्यांच्या मधे तो एकदा फिरायचा.

गेल्या वर्षी दवाखाना सुनेच्या हाती दिला. ती माझ्यापेक्षा हुशार आहे आणि माझ्यापेक्षा कमी बोलते. मी आता घरी बसून पेपर वाचतो, आणि दिवाळी अंकवाल्यांनी ‘कायतरी लिहा’ म्हटल्यावर हे लिहायला बसलोय.

केसांचे रोगी इतर रोग्यांसारखे नसतात. पोट दुखणारा माणूस ‘दुखतंय’ म्हणतो आणि गप्प बसतो. केसवाला पुरावा घेऊन येतो. पालमचे एक गृहस्थ दर महिन्याला एस.टी.नं यायचे आणि काडेपेटीतून कोंडा आणायचे. दोन काडेपेट्या. “ही औषधाच्या आदीची, ही नंतरची. तुमीच फरक बगा.” मी दोन्ही उघडून गंभीरपणे बघायचो. कोंडा म्हणजे दुसरं काही नाही, टाळूची जुनी कातडी सुटते ती. सगळ्यांचीच सुटते, काहींची जरा घाईनं सुटते. वरून तेल चोपडलं की दोन दिवस दिसेनासा होतो आणि तिसऱ्या दिवशी दुप्पट होऊन येतो, कारण टाळूवरच्या ज्या बुरशीमुळं तो वाढतो तिला तेल फार आवडतं. हे त्यांना मी सहा वर्षं सांगितलं. सहा वर्षं त्यांनी मान डोलावली आणि घरी जाऊन तेल चोपडलं.

देवगाव फाट्याजवळची एक सासू सुनेला घेऊन आली होती. सुनेच्या कडेवर चार महिन्यांचं गुटगुटीत पोर, आणि हातातल्या पिशवीत गळालेल्या केसांचा गुंता. सासूबाईंनी निदानही सोबतच आणलं होतं. “लेकरू मायकडं बगून हासायला लागलं, की मायचे केस गळतेत. हे लय हासायलंय डॉक्टर, त्याला काय तरी द्या.” नवीन असताना मी अशा बोलण्याला हसायचो. मग लक्षात आलं, की बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी खरोखरच केस गळतात आणि बाळ खुदखुदायची वेळही तीच असते. सासूबाईंचं निरीक्षण अगदी बरोबर होतं, फक्त आरोपी चुकला होता. मी सुनेला म्हटलं, केस आपोआप परत येतील, आणि बाळाला हसू द्या. बाळ तेवढ्यात माझ्याकडं बघून हसलं. सासूबाईंनी पटकन माझ्या केसांकडं बघितलं.

ह्या आरोपीचंच सगळं अवघड असतं. माझ्या खुर्चीत बसलेला माणूस ‘बरं होईल का’ हे नंतर विचारतो. आधी विचारतो, ‘कशामुळं झालं?’ आणि त्याच्या मनात असतं, कुणामुळं झालं. बोअरचं पाणी, हेल्मेट, नवीन साबण, जावेनं दिलेलं तेल. उवांच्या बाबतीत तर आई म्हणते शाळेतून आल्या आणि बाई म्हणतात घरून आल्या. दोन्हीकडून हाकललेल्या उवा मधल्या मधे पोरीच्या डोक्यात सुखानं राहतात. कुणाचं तरी नाव सांगितलं की रोग्याचं अर्धं समाधान होतं. आणि नाव सांगायची सवय डॉक्टरलाही लागते. मला लागली होती. तिच्यापायी मी वालूरच्या दिगंबरचं दुकान जवळजवळ बंद पाडलं.

वालूरला मी बाजाराच्या दिवशी जायचो. औषधाच्या दुकानामागची एक खोली, त्यात टेबल, स्टूल आणि मी सोबत नेलेला सूक्ष्मदर्शक. दाराला पडदा होता, पण पंख्याच्या वाऱ्यानं तो कायम बाहेर बसलेल्या कुणाच्या तरी खांद्यावर. आत बोललेलं बाहेरच्या दहा जणांना ऐकू जायचं आणि त्या दहांकडून बाजाराला. मला त्याचं काही वाटायचं नाही. उलट माझं निदान चार लोकांनी ऐकलं तर बरंच, असं वाटायचं.

दिवाळी होऊन दोन-तीन आठवडे झाले होते. बालाजी नावाचा एक शेतकरी त्याच्या आठ वर्षांच्या ओंकारला घेऊन आला. बालाजीचा आवाज शेताच्या ह्या बांधावरून त्या बांधावर हाक मारायचा, आणि खोलीतही तो तेवढाच. ओंकारच्या टाळूवर लिंबाएवढी मऊ, ओली गाठ, तिच्यातून पू, वरचे केस हात लावला की सुटून येणारे.

“काल ताप बी आला. मायनं कडूलिंबाचा पाला वाटून लावला तर अजून चिडलं,” बालाजी म्हणाला. “फोडून टाका डॉक्टर.”

फोडायचं नसतं. दिसायला गळू दिसलं तरी ते केसांच्या मुळात शिरलेलं गजकर्ण असतं. बुरशीच ती. सहा-आठ आठवडे पोटातून गोळ्या दिल्या की गाठ बसते, आणि वेळेवर दिल्या तर केसही परत येतात. उशीर झाला तर मात्र तेवढी जागा जन्मभर रिकामी राहते. मी चार केस उपटून काचेवर घेतले, बुरशी बघितली, गोळ्या लिहिल्या आणि सवयीनं विचारलं, “कटिंग कुठं केली होती?”

“दिवाळीची? दिगंबरकडं.”

“मग तिथंच मिळालं. मशीन धूत नसेल.”

एवढंच बोललो. त्या दिवशी त्याच गल्लीतली आणखी चार पोरं तीच गाठ घेऊन आली. चौघांचीही कटिंग दिगंबरकडं. चौथ्याच्या वेळी मला विचारावंही लागलं नाही, पडद्याबाहेरून बालाजीच ओरडला, “दिगंबरच्या मशीनचं हाय ते!” मी मान डोलावली.

दिगंबरचं दुकान बाजारगल्लीच्या तोंडाशी. एक खुर्ची, एक बाक, मोठा आरसा. त्याच्याआधी तिथंच त्याचे वडील बसायचे. गावातल्या निम्म्या माणसांचं जावळ ह्या बापलेकांनी काढलेलं, नवरदेवांच्या दाढ्या ह्यांनी केलेल्या. दिगंबर चाळिशीचा, बारीक अंगाचा, अगदी कमी बोलणारा. मी गाडीतून जाताना तो हात वर करायचा, मीही करायचो. ओळख एवढीच.

पुढच्या बाजाराला मी गेलो तर दुकान उघडं आणि खुर्ची रिकामी. बाजारच्या दिवशी कटिंगच्या दुकानात खुर्ची रिकामी म्हणजे नवल. लोक सेलूला जायला लागले होते, पोरं मोटारसायकलवर देवगाव फाट्याला. दिगंबरनं मला बघितलं, पण हात वर केला नाही.

दुपारी तो माझ्या खोलीत आला. नंबर लावून, रांगेत बसून, आपली पाळी आल्यावर आला. स्टुलावर बसला आणि मांडीवरचं फडकं त्यानं माझ्या टेबलावर उलगडलं. दोन मशिनी, तीन कैच्या, कंगवे, वस्तरा, ब्रश. सगळं लखलखीत.

“ह्यातलं कशात हाय ते दावा,” तो म्हणाला.

मी मशीनच्या दातांतला मळ खरवडून काचेवर घेतला. मळ तरी कसला, बळंच काहीतरी निघालं. दहा मिनिटं बघितलं. काही नव्हतं. तेव्हाच मी पडदा बाजूला करून तसं सांगायला पाहिजे होतं. पण मी डॉक्टरी बोललो. “आज दिसत नाही म्हणजे तेव्हा नव्हतं, असं म्हणता येत नाही.”

दिगंबरनं एकेक वस्तू परत फडक्यात ठेवली. “म्हंजे सापडलं तरी मी, आन् न्हाई सापडलं तरी मीच,” तो म्हणाला, आणि फडक्याला गाठ मारून निघून गेला.

त्याच्या त्या वाक्याचं उत्तर मला सापडलं पुढच्या आठवड्यात, एका दहा वर्षांच्या पोरीच्या वेण्यांमध्ये. रेणुका तिचं नाव, बालाजीच्या शेजारची. कंबरेपर्यंत दोन वेण्या, लाल रिबिनी, आणि कपाळावर केस सुरू होतात तिथं तीच ओली गाठ. मी तोंडाला आलेलं विचारून टाकलं, “कटिंग कुठं केली?”

पोरीनं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की डॉक्टर व्हायला एवढी वर्षं शिकून काय केलं ह्यानं. “माझ्या वेण्या दिसायल्यात न्हवं? मी कामून जाईन दिगंबरमामाकडं?”

मी पेन खाली ठेवलं. गावातल्या सगळ्याच पोरांनी दिवाळीला दिगंबरकडं केस कापले होते. गाठी मात्र एकाच गल्लीत. हे मला आधीच दिसायला हवं होतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, माणसाकडून माणसाला आलेलं गजकर्ण सहसा एवढं फुगत नाही, त्यात एवढा पू होत नाही. एवढा दाह दिसला की जनावर शोधायचं, हे आमच्यात पहिल्या वर्षाच्या पोराला माहीत असतं. मला माहीत होतं. पण मी दिगंबरचं नाव सांगून मोकळा झालो होतो.

“रेणुका, तुम्ही गल्लीतली सगळी पोरं एकत्र काय करता?”

“खेळतो.”

“आणि?”

“आन् शाळंला जाताना चांद्याला डोकं टेकवतो.”

चांद्या म्हणजे गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या काशीबाईंचं वासरू. मी उरलेल्या रोग्यांना थांबायला सांगितलं आणि रेणुकाच्या मागं निघालो. माझ्या मागं तिची आई, आईच्या मागं रांगेतले अर्धे रोगी.

गोठ्यात काळंभोर वासरू उभं होतं आणि त्याच्या कपाळाच्या बरोबर मधोमध वाटोळा, पांढुरका चट्टा. त्यावर हळदीकुंकवाचा थर. काशीबाई सत्तरीच्या, डोक्यावरचा पदर सावरत अभिमानानं सांगायला लागल्या. “कोजागिरीच्या दुसऱ्या दिशी उगवला बगा. आदी बारीक होता, मग रोज वाढत वाढत पुनवेवानी झाला. जलमताना काईच न्हवतं. असं कुठं आसतंय का? देवाचा चांद हाय त्यो.” वसुबारसेला सगळ्या गल्लीनं गाय-वासराची पूजा केली, पोरांना ओळीनं उभं करून चांदाला टाळू टेकवायला लावली. मग चाचणीत एका पोराला गणितात पैकीच्या पैकी पडले. तेव्हापासून शाळेत जाताना रोज दर्शन.

मी वासराचा कान उचलून बघितला. मागं अजून दोन चंद्र उगवले होते.

“काशीबाई, हे गजकर्ण आहे,” मी म्हणालो.

सगळ्यांनी वासरापासून एक पाऊल मागं घेतलं. वासरानं तेवढं माझं बोट चाटलं.

“चांद्याला?” काशीबाई म्हणाल्या. “मंग देवानं नेमकं कपाळाच्या मधीच कामून दिलं?”

मी त्यांचा हात हातात घेतला. बांगड्यांच्या वर मनगटाला एक लालसर, वाटोळं कडं उठलं होतं. “आणि हा तुमचा चांद,” मी म्हणालो. काशीबाईंनी हाताकडं बघितलं, वासराकडं बघितलं, आणि पदर तोंडाला लावून अशा हसायला लागल्या, की त्यांना खांबाला धरावं लागलं. मग सगळी गल्ली हसली. चांदावरची खपली काचेवर घेऊन मी खोलीवर आलो आणि आधी रेणुकाला सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं. “जाळं दिसायलंय! बारीक फांद्यावानी!” ती ओरडली. पाच पोरांच्या केसांत जे दिसलं होतं, तेच हे.

जनावरांच्या डॉक्टरांनी मलम दिलं, पोरांचं दर्शन बंद झालं. मार्गशीर्ष सरेपर्यंत चांद्याच्या कपाळावर काळे केस आले. चांद मावळला, नाव राहिलं.

मला वाटलं, विषय संपला. खपली तपासली त्याच दिवशी मी दिगंबरच्या दुकानात गेलो. तो रिकाम्या खुर्चीत बसून पेपर वाचत होता. मी सगळं सांगितलं आणि म्हणालो, “दिगंबर, चूक माझी झाली. माफ कर.”

तो उठून उभा राहिला, माझ्यासाठी बाक पुसला. चिडला नाही. “माफी मला एकट्याला मागायलाव डॉक्टर,” तो म्हणाला. “आन् बोल्लाव समद्यांसमोर. बूंद से गई वो हौद से नहीं आती. मेव्हण्यानं पुण्याला बोलावलंय, तिथं एका सलूनात जागा हाय. संक्रांत झाली की जाताव आमी. दुकानाला कुलूप.”

दोन पिढ्यांचं दुकान माझ्या एका वाक्यानं उठायला निघालं होतं. मला फार लाज वाटली. मी खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला सांगायला सुरुवात केली, की मशीनचा दोष नव्हता, वासराचं होतं. लोक ऐकून घ्यायचे, ‘बरं’ म्हणायचे आणि कटिंगला सेलूची बस धरायचे. आळ मोटारसायकलवर गेला होता आणि माझा खुलासा पायी चालला होता. संक्रांत पंधरा दिवसांवर आली.

शेवटी बालाजीनंच तोंडावर सांगितलं. ओंकारला दाखवायला आला होता. गाठ बसली होती, टाळूवर बारीक नवे केस फुटले होते, त्यामुळं बालाजी खुशीत होता. मी परत वासराचं सांगायला लागलो, तर तो त्याच्या त्या आवाजात म्हणाला, “वासरू बोलत न्हाई म्हणून त्याच्यावर ढकलायलाव का? तुमाला एवढी खात्री हाय तर तुमी सोता बसा की त्याच्या मशीनखाली. हे येवढे केस हायत तुमचे!”

पडद्याबाहेर हशा पिकला. माझा हात नकळत खिशातल्या कंगव्याकडं गेला.

पुढच्या बाजाराला, भर अकरा वाजता, मी खोलीवर न जाता सरळ दिगंबरच्या दुकानात गेलो आणि खुर्चीत बसलो. बाजारगल्ली गच्च भरलेली. समोर भाजीवाल्या बाया, बाजूला चहाची टपरी, बालाजीही तिथंच.

“काय करायचं?” दिगंबरनं विचारलं.

“सगळे काढ.”

त्याचा हात थांबला. आमच्याकडं डोकं करतात, म्हणजे मिशीसकट सगळं काढतात, ते घरात कुणी गेल्यावर. त्यानं आवाज खाली आणून विचारलं, “वडील...?”

“ठणठणीत आहेत. सकाळी दोन भाकरी खाल्ल्या.”

“मंग मिशी ठेवताव,” तो म्हणाला आणि माझ्या गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं.

आणि मला तसंच बसवून ठेवलं. स्टोव्ह पेटवला. पातेल्यात पाणी ठेवलं. कैच्या, कंगवे उकळले. मशीनचं पातं सोडवून स्पिरिटनं पुसलं, परत बसवलं. वीस मिनिटं गेली. मला आजही वाटतं, त्यानं मुद्दाम वेळ लावला, आणि त्याला तो हक्क होता. मीही वेळ वाया घालवला नाही. दारात जमलेल्यांकडं तोंड करून, गळ्यात कापड घेऊन, मोठ्यानं सांगितलं, “ह्या मशीननं पोरांना काही झालं नव्हतं. मी न बघता बोललो. चूक माझी होती, दिगंबरची नाही.” बोलून झाल्यावर बरं वाटलं.

पण लोकांचं लक्ष माझ्या बोलण्याकडं नव्हतंच. डॉक्टर डोकं करायला बसले, ही बातमी बाजारभर झाली होती. एका म्हाताऱ्यानं आत येऊन माझा खांदा दाबला. “सोनं झालं त्यांचं. वय झालतं.” दुसऱ्यानं विचारलं, “माती कितीला हाय?” मी सगळ्यांना मिशी दाखवत होतो. तेवढ्यात माझा फोन वाजला. घरून अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. वय शहाऐंशी, ऐकायला कमी येतं म्हणून बोलतात जोरात. फोन कानाला न लावताही सगळ्या दुकानाला ऐकू आलं.

“अरे, वालूरहून लोकं फोन करायलेत. मला विचारायलेत, अण्णा कवा गेले! मी काय सांगू?”

“सांगा, आहे म्हणून.”

“सांगितलं. तर म्हणतेत, तुमी कोन बोलायलाव?”

दुकान हसून हसून लोटपोट झालं. दिगंबर हसला. त्या दोन महिन्यांत मी त्याला पहिल्यांदाच हसताना बघितलं.

मग त्यानं मशीन सुरू केली. मानेपासून वर पहिला पट्टा निघाला आणि माझे केस कापडावर पडले. दुसरा पट्टा निघाला. आणि मशीन बंद झाली.

दिगंबर माझ्या मागं उभा होता. त्यानं बोटानं माझ्या डोक्याच्या मागच्या बाजूला हलकेच काहीतरी चाचपलं. मग कॉलर नीट करायला वाकल्यासारखा वाकला आणि कानाशी बोलला.

“मागं रुपयाएवढी चाई हाय. गुळगुळीत. तुमाला ठावं हाय का?”

मला माहीत नव्हतं. चाई म्हणजे एका जागेचे केस अचानक जातात आणि तिथली कातडी नितळ होते. ती कुणाकडून येत नाही, कुणाला जात नाही. शरीरच आपल्या केसांना परकं समजायला लागतं. शेकडो लोकांना मी हे समजावलं, आणि माझी स्वतःची त्या रानाखाली झाकलेली. दारात चाळीस माणसं उभी होती. केसाच्या डॉक्टरला चाई, एवढं दिगंबर नुसतं मोठ्यानं म्हणाला असता तर माझी पाटी त्या दिवशी खाली आली असती. माझ्या चेहऱ्यावर काय उमटलं असेल ते त्याला आरशात दिसलं.

“मशीननं केलं तर डाग दिसंल,” तो तसाच हळू म्हणाला. “वस्तरा फिरवताव. समदं एकसारखं होईल.”

त्यानं मशीन ठेवली, नवीन ब्लेड सगळ्यांना दिसेल असं उघडलं, फेस केला आणि माझं डोकं तुळतुळीत करून टाकलं. हात इतका हलका, की मला फक्त गार लागत होतं. माझे डोळे भरून आले. लोकांना वाटलं, केसांसाठी. ती चाई पुढं चारेक महिन्यांत भरून आली, आधी पांढरे केस आणि मग काळे. कटिंगला मी तेव्हापासून वालूरलाच जातो, आणि दिगंबर मागं एकदा बोट फिरवून, कुणाला कळणार नाही असं, ‘बरी हाय’ म्हणतो. त्यानं आजवर कुणाला सांगितलेलं नाही. रोग्याचा रोग रोग्याच्या कानात सांगायचा असतो, हे मला कॉलेजात शिकवलं होतं, पण मी ते शिकलो त्या खुर्चीत. म्हणून आज इथं मीच सांगून टाकतोय.

त्या दिवशी त्यानं डोक्यावर तुरटी फिरवली, टॉवेलनं पुसलं आणि खुर्ची गर्रकन दाराकडं फिरवली. एरवी तोंडातून शब्द न काढणारा माणूस बाजाराला ऐकू जाईल असा बोलला, “बगून घ्या! डॉक्टरच्या डोक्याला काई बी न्हाई. एकदम साफ!”

भाजीवाल्या बायांपैकी कुणीतरी टाळी वाजवली. बालाजी गर्दीतून पुढं आला, माझ्या डोक्याला एक प्रदक्षिणा घातली, वाकून, डोळे बारीक करून बघितलं. मग मला म्हणाला, “उठा आता. दुसऱ्याला बसू द्या.”

मी उठलो. बालाजी खुर्चीत बसला. दिगंबरनं धुतलेलं कापड झटकून त्याच्या गळ्याभोवती बांधलं आणि विचारलं, “कशानं करायची?”

“डॉक्टरला जे लावलं तेच लाव,” बालाजी म्हणाला. “पर केस ठेव बाबा, माजा बाप बी जित्ता हाय.”